काजू कारखानदारांना खुलं पत्र : पट्टा बाईच्या कपाळाला, आणि स्क्रीन कुणाच्या टेबलावर?

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या तमाम काजू कारखानदार मंडळींना सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात कुडाळला एका हॉलमध्ये आपल्यातल्या बऱ्याच जणांसमोर शहरातल्या एका कंपनीने मेंदूचे सिग्नल वाचून लक्ष मोजतो म्हणतात अशा, डोक्याला लावायच्या पट्ट्याचा डेमो दिला. मीही होते मागच्या रांगेत, ओळखीच्या एका कारखानदार काकांनी 'तू यातलं शिकलेली आहेस, बघून सांग' म्हणून ओढून नेलं होतं. डेमो झक्कास झाला यात वाद नाही. पट्टा लावला, मोबाईलवर हिरवी-लाल दांडी नाचायला लागली, कंपनीचा पोरगा म्हणाला की ग्रेडिंगला, म्हणजे काजूगर साईज-रंगाप्रमाणे वेगळे करायला, बसलेल्या बाईचं लक्ष कधी आहे आणि कधी नाही हे आता मालकाला केबिनमध्ये बसून दिसेल, आणि नवीन मुलगी तयार व्हायला जो अख्खा सीझन जातो ना तो पंधरवड्यावर येईल कारण पट्टा तिचा मेंदू ट्रेन करणार. मग चहा-सामोसे आले आणि प्रश्न सुरू झाले. सगळे प्रश्न किमतीचे, हप्त्याचे, सबसिडी बसते का याचे. पट्टा नक्की मोजतो काय, हे कोणीच विचारलं नाही, आणि ग्रेडिंगच्या बायका तर त्या हॉलमध्ये नव्हत्याच. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी ओळख थोडक्यात. बायोमेडिकल इंजिनिअरिंग केलं, मुंबईत काही वर्षं ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे सिग्नल घेतात त्याच्या कामात होते, आता गावी परत आलेय. आई वेंगुर्ल्याच्या बाजूला एका कारखान्यात आयुष्यभर ग्रेडिंगला होती. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या-थोड्या कळतात, निदान तसं मला वाटतं.

आणि एक आधीच क्लिअर करते, हे विज्ञान थोतांड नाहीये. मेंदूचा सिग्नल वाचून, तो त्याच माणसाला तिथल्या तिथे दाखवून, नजर जास्त तेज करता येते असं दाखवणारे चांगले प्रयोग झालेत आणि चांगल्या जागी झालेत. पण त्या प्रयोगांत जे झालं आणि त्या हॉलमध्ये जे विकत होते त्यात बरंच अंतर आहे, आणि त्या अंतराचे पैसे तुम्ही भरणार आणि त्रास टेबलवरच्या बायका भरणार.

आता ग्रेडिंग. तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा धंदाच आहे, पण एकदा डोळ्यांच्या बाजूने बघा. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० गर, आणि डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. भागून बघा, २४० चा एक गर साधारण १.९ ग्रॅम आणि ३२० चा १.४ ग्रॅम. अर्धा ग्रॅम! एवढ्याशा फरकावर ती बाई दोन ढीग वेगळे करते, वजनकाटा न लावता, आणि तेही एकेक गर उचलून न्याहाळत बसत नाही, ताटातून हात फिरतो आणि गर आपापल्या डब्यात जातात. त्यात परत रंग, ड्रायरमध्ये थोडी जास्त आच लागली की अख्खा गरसुद्धा पांढऱ्यातून जळक्यात जातो आणि भाव खाली, मग कुठे काळा ठिपका, कुठे किडीचं भोक, कुठे साल चिकटलेली, कुठे पाकळी सुटायच्या बेतात आलेली. आईला मी एकदा विचारलं होतं की तुला कसं कळतं गो हा २४० चा ते. म्हणाली, "डोळे मगे बघतत, बोटां आदी सांगतत." लॅबमध्ये फक्त डोळ्यांवर काम केलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून गप्प बसावं लागलं, कारण डेमोतल्या त्या पट्ट्याला बोटं माहीतच नाहीत.

ही जी नजर बसते ना, तिच्यावर शास्त्रज्ञांनी भरपूर काम केलंय. कार्नी आणि सागी नावाच्या दोघांनी १९९१ साली एक प्रयोग छापला, स्क्रीनवर बारीक बारीक रेघा, त्यातल्या तीन रेघा वेगळ्या कलाच्या, म्हणजे वेगळ्या बाजूला झुकलेल्या, क्षणभर दाखवायचं आणि ओळखायचं. माणसं सरावाने झपाट्याने सुधारली, पण गंमत अशी की सुधारणा फक्त स्क्रीनच्या ज्या भागात सराव केला तिथेच, बाजूच्या भागात दाखवलं की परत पहिल्यापासून. एका डोळ्याने शिकवलं तर दुसऱ्या डोळ्याला त्यातलं काहीच नाही. म्हणजे हे शिकणं 'समजण्याच्या' पातळीवरचं नाही, डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदूत जिथे पहिल्यांदा उतरते तिथेच कुठेतरी काहीतरी घट्ट होतं. पुढे १९९३ मध्ये त्यांनीच दाखवलं की ही सुधारणा सराव संपल्या संपल्या दिसत नाही, निदान आठ तास जावे लागतात, आणि एकदा बसलेली नजर दोन-तीन वर्षांनीही टिकून असते.

तर पंधरवड्यात नजर सुधारेल हा दावा अगदीच हवेतला नाही, लॅबमध्ये याहून कमी दिवसांत सुधारते. कशावर सुधारते हा खरा प्रश्न आहे. एका प्रकारच्या गरावर, एका प्रकारच्या उजेडात, एका स्क्रीनवर शिकलेली मुलगी तुमच्या ट्यूबलाईटखाली, वेंगुर्ला-४ ही आपली इकडची काजूची जात संपून आफ्रिकेतल्या बियांचा लॉट आला की काय करेल? जुन्या बायका सांगतात ना की लॉट बदलला की पहिला दिवस हात अडखळतो, तेच हे. २००८ साली आलेल्या एका प्रयोगात असं दिसलं की स्क्रीनवर एका जागी एक गोष्ट शिकवली आणि दुसऱ्या जागी वेगळीच काहीतरी शिकवली तर पहिलं कौशल्य त्या दुसऱ्या जागीही जाऊन बसतं. याचा फुकटातला उपयोग असा की नवीन मुलीला महिनाभर नुसती ३२० ची ताटं देऊ नका, लॉट मिसळून द्या, टेबल बदलून बसवा, पांढरा-जळका एक दिवस आणि साईज एक दिवस असं करा. याला पट्टा लागत नाही.

बरं, आता पट्ट्याकडे येऊ, कारण मला जास्त बोलायचंय ते यावरच.

माणसाच्या मेंदूतले विजेचे सिग्नल पहिल्यांदा घेतले ते जर्मनीत हान्स बर्गरने, १९२४ मध्ये, आणि छापले १९२९ मध्ये. त्यालाच दिसलं की डोळे मिटून शांत बसलं की सेकंदाला साधारण दहा वेळा वर-खाली होणारी एक लाट उठते आणि डोळे उघडून बघायला लागलं की ती दबते. तिला अल्फा म्हणतात. ती लाट सगळ्यात जोरात कुठे मिळते? डोक्याच्या मागे, जिथे बायकांचा अंबाडा येतो त्याच्या जरा खाली-वर, कारण बघण्याचं काम करणारा मेंदूचा भाग मागे आहे. १९७३ मध्ये जॅक विडाल यांनी हे सिग्नल थेट कॉम्प्युटरला जोडायची कल्पना मांडली आणि तिथून हा ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसचा सगळा संसार सुरू झाला.

आणि डेमोतल्या पट्ट्याचे इलेक्ट्रोड होते कुठे? कपाळावर! बघण्याचा मेंदू मागे आणि कान लावलेत पुढे, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजारात काय चाललंय ते ऐकायला कुडाळच्या स्टँडवर उभं राहायचं. बरं कपाळावर काहीच मिळत नाही असं नाही, मिळतं, पण तिथे सगळ्यात मोठा सिग्नल असतो डोळ्यांच्या उघडझापीचा आणि भुवयांच्या स्नायूंचा. मेंदूचा सिग्नल डोक्यावर येईपर्यंत १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरतो, एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, आणि कपाळावर पापणीची एक उघडझाप त्याच्या कितीतरी पट. त्या पोराने डेमोत 'आता लक्ष द्या' म्हटल्यावर पट्टा लावलेल्या गृहस्थांनी काय केलं, आठवा. भुवया आवळल्या, पापणी हलवायची थांबवली. दांडी हिरवी झाली, टाळ्या पडल्या. मेंदूने त्यात किती हातभार लावला मला माहीत नाही, भुवयांनी नक्की लावला.

हे झालं एसी हॉलमध्ये. कारखान्यात काय होणार? मार्च ते मे ऐन सीझन, पत्र्याखाली उकाडा, कपाळावरून घामाच्या धारा, आणि घाम आला की इलेक्ट्रोडचा सिग्नल असा वाहायला लागतो की ग्राफ स्क्रीनच्या बाहेर. बाजूला ड्रायरचे पंखे, कटिंगच्या मोटारी, तिथून सिग्नलमध्ये घुसणारी विजेची ५० हर्ट्झची घरघर. बोलल्या-हसल्या की जबड्याचे स्नायू, आणि तोंड बंद ठेवून ग्रेडिंग करणाऱ्या बायका मी तरी अजून बघितल्या नाहीत. म्हणाल की ठीक आहे, मागे लावू इलेक्ट्रोड, तर मागे केस, केसांना खोबरेल, आणि फेब्रुवारी-मार्चात वर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा. तेलकट टाळूवर कोरडा इलेक्ट्रोड धड टेकत नाही, त्यासाठी केस बाजूला करून जेल लावावं लागतं, एकेकीला तयार करायला वेळ जातो, नंतर डोकं धुवावं लागतं. मुंबईत आम्ही हे करायचो तेव्हा यायच्या आधी डोकं धुवून या, तेल नको असं सांगायचो आणि तरी निम्मा वेळ त्यातच जायचा.

मग खऱ्या प्रयोगांत केलं काय? दोन सांगते, कारण तुम्हाला हॉलमध्ये 'जपान-अमेरिकेत सिद्ध झालंय' एवढंच सांगितलं गेलं.

पहिला २०११ चा, सायन्स या साप्ताहिकात आलेला, शिबाता, वातानाबे, सासाकी आणि कावातो या मंडळींचा, बोस्टन आणि क्योतोच्या लॅबमधला. ईईजी नव्हतं, माणसाला एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं होतं. आधी तिरप्या पट्ट्यांची चित्रं दाखवून, कोणत्या कलाला त्याच्या मेंदूच्या बघण्याच्या भागात कसा नमुना उमटतो हे कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं. मग रोजच्या सरावात त्या कलाची पट्टी दाखवलीच नाही. सांगितलं एवढंच की समोर जी हिरवी चकती येईल ती काहीही करून मोठी करा, जेवढी मोठी तेवढे जास्त पैसे. चकती मोठी कधी व्हायची? त्याच्या मेंदूतला नमुना ठरवलेल्या एका कलाच्या नमुन्याजवळ गेला की. दिवस गेले, माणसं आपापल्या परीने काय काय मनात आणत राहिली, आणि शेवटी परीक्षा घेतली तर नेमका तोच कल ओळखण्यात ती सुधारली होती. न बघता! आणि आपल्याला काय शिकवलं गेलं हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारी वाटलं होतं, आता त्या शेवटच्या वाक्याची थोडी भीती वाटते, त्यावर पुढे येते.

दुसरा २०१५ चा, प्रिन्स्टनच्या टीमचा, लक्ष देण्यावरचा. चेहरा आणि निसर्गदृश्य असे दोन फोटो एकमेकांवर चढवून दाखवायचे आणि त्यातल्या एकावर लक्ष ठेवायचं. इथेही एमआरआय. लक्ष ढळायला लागलं की कॉम्प्युटर तोच फोटो फिकट करायचा, म्हणजे काम आणखी अवघड व्हायचं, आणि माणूस आपोआप सावरून बसायचा. लक्ष परत आलं की फोटो परत ठळक. म्हणजे मेंदूचा आरसा मेंदूलाच, तिथल्या तिथे. पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच, त्यांनी काही लोकांना सगळं अगदी तसंच दिलं, फक्त फोटो फिकट-ठळक व्हायचा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मेंदूप्रमाणे. त्या लोकांना तो फायदा झाला नाही. म्हणून म्हणता आलं की परिणाम स्वतःच्या मेंदूच्या फीडबॅकचा आहे, नुसत्या सरावाचा किंवा मशीनच्या भपक्याचा नाही.

हे तुम्हाला का सांगतेय, कारण पंधरा दिवस पट्टा लावून मुलीला ग्रेडिंगला बसवलं तर ती सुधारणारच आहे. पट्ट्याशिवाय बसवलं असतं तरी सुधारली असती! वर रोज कोणीतरी बाजूला उभं राहून तिच्याकडे लक्ष देतंय, नवीन यंत्र लावलंय, तिलाही हुरूप, सगळं मिळून आकडा छान येणार आणि कंपनी तो आकडा पुढच्या हॉलमध्ये दाखवणार. तेव्हा कंपनीला सांगा की निम्म्या मुलींना खरा फीडबॅक द्या आणि निम्म्यांना दुसरीचा रेकॉर्ड केलेला, कुणाला कुठला ते मुलींनाही कळू देऊ नका आणि ताट तपासणाऱ्या सुपरवायझरलाही, आणि मग दोन्हीकडचं वजन काट्यावर टाका. काटा तुमच्याकडे आहेच. याला कंपनी 'हो' म्हणाली तर मी स्वतः येऊन मदत करेन, पैसे नकोत. आणि 'आमचं आधीच प्रूव्हन आहे' म्हणाली तर काय समजायचं ते समजा.

फीडबॅकबद्दल अजून एक. १९९७ मध्ये हर्ट्सोग आणि फाले यांनी बारीक फरक ओळखण्याच्या सरावात वेगवेगळ्या प्रकारचा फीडबॅक देऊन बघितला. प्रत्येक उत्तरानंतर चूक-बरोबर सांगा किंवा बऱ्याच उत्तरांनंतर एकदम किती बरोबर ते सांगा, दोन्हीने शिकणं होतं. पण ज्याचा उत्तराशी संबंधच नाही असा फीडबॅक दिला की शिकणं अडतं. आता विचार करा, घामावर आणि भुवयांवर चालणारी दांडी हा कुठल्या प्रकारचा फीडबॅक झाला? बाईने गर बरोबर टाकला आणि दांडी लाल, चुकीचा टाकला आणि दांडी हिरवी, असं दिवसभर चाललं तर नवीन हात बसणंच अडेल. त्यापेक्षा ताट झालं की लगेच शंभर गर काट्यावर टाकून 'बघ गो, हे २४० चं ताट २६० च्या हिशोबाने आलंय' एवढं तिला तिथल्या तिथे सांगा. आत्ता काय होतं, चूक कळते ती दोन दिवसांनी, माल घेणाऱ्या पार्टीकडून फोन आल्यावर, आणि तीही ओरड्याच्या रूपात.

आता तुम्हाला न आवडणारं बोलते.

त्या डेमोत सगळ्यात जास्त माना कधी हलल्या? केबिनमधल्या स्क्रीनवर प्रत्येकीच्या नावापुढे लक्षाचा टक्का आला तेव्हा. म्हणजे शिकवणं वगैरे तोंडी लावायला, खरं गिऱ्हाईक त्या स्क्रीनला होतं. मी वर सांगितलेल्या दोन्ही प्रयोगांत फीडबॅक कुणाला मिळत होता? ज्याचा मेंदू त्याला. चकती त्याच्यासमोर, फोटो त्याच्यासमोर. तिथेच तर सगळी जादू आहे, मेंदूला स्वतःचं चाललेलं कळलं म्हणून तो बदलला. तुमच्या केबिनमधली दांडी बघून बाईच्या मेंदूत काहीही बदलणार नाही, बदलेल तो तिचा ब्लड प्रेशर. लक्ष तपासलं जातंय ही धास्ती घेऊन बसलेल्या बाईचं लक्ष गरावर राहणार की पट्ट्यावर?

हे माझ्या मनचं नाही. २०१८ मध्ये चीनमधल्या कारखान्यांत कामगारांच्या टोपीत असे सेन्सर बसवल्याच्या बातम्या जगभर गाजल्या, २०१९ मध्ये तिथल्याच एका प्राथमिक शाळेत पोरांच्या डोक्याला लक्ष मोजायचे पट्टे लावले त्यावर एवढी बोंब झाली की ते थांबवावं लागलं. चिलीने तर २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या हालचालींना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे हेडसेट विकणाऱ्या एका कंपनीला एका नागरिकाचा मेंदूचा डेटा पुसून टाकायला लावला. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आहे, त्यात संमती मोकळेपणाने दिलेली, काय कशासाठी हे समजून दिलेली असावी लागते. किलोवर मजुरी घेणारी बाई मालकासमोर उभी राहून 'हो शेट, चालात' म्हणते ती मोकळी संमती म्हणायची का, हे तुम्हीच मनाला विचारा. आणि २०११ च्या प्रयोगातलं ते शेवटचं वाक्य, आपल्याला काय शिकवलं जातंय हे शिकणाऱ्यालाच कळत नव्हतं. लॅबमध्ये ते समिती, परवानगी, सही या सगळ्यानंतर झालं. कारखान्यात कोण बघणार?

आईच्या वेळच्या एका काकींना मी पट्ट्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यो पट्टो लावल्यार माझी नजर वाढतली की पगार?" मी हसले. मग जरा वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या डोक्यात काय चल्लाहा ता शेटीक कळाक लागला तर मगे माझां म्हणान काय ऱ्हवला?" यावर मला काही बोलता आलं नाही.

आणि त्याच काकी ताट हातभर लांब धरून बघत होत्या. चाळिशी कधीच लागलीय, चष्मा नाही. ग्रेडिंगच्या टेबलवर निम्म्याहून जास्त बायका चाळिशीच्या पुढच्या दिसतात मला, आणि चष्मा एखादीच्याच नाकावर. इथे एक पक्का आकडा देते. आसामच्या चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या कामगारांवर एक नीट, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला प्रयोग झाला, २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. निम्म्यांना जवळचं बघायचा साधा चष्मा दिला. पानं खुडण्याचं काम चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत जवळपास २२ टक्क्यांनी वाढलं! साध्या चष्म्याने! चहाची पानं खुडायला एवढा फरक पडतो तर अर्ध्या ग्रॅमचा फरक बघायला किती पडेल? मेंदू कितीही ट्रेन करा, डोळ्यातून चित्रच धुरकट येत असेल तर मेंदू काय कपाळ शिकणार.

झोपेचंही तसंच. १९९४ मध्ये त्याच कार्नी मंडळींनी दाखवलं की सराव करून झोपलेल्या माणसाला स्वप्नांच्या झोपेतून सारखं सारखं उठवलं तर रात्रीतून होणारी सुधारणा होतच नाही. नजर रात्री बसते हो, टेबलवर नाही. आणि सीझनला आपण काय करतो, रात्री आठ-नऊपर्यंत ओव्हरटाईम, घरी जाऊन जेवण, पहाटे परत नळाचं पाणी, डबे, पोरं. नवीन मुलीला तरी पहिले काही आठवडे ओव्हरटाईमला थांबवू नका, तिची नजर लवकर बसेल, हा सल्ला पट्ट्याच्या कंपनीकडून मिळायचा नाही कारण यात विकायला काही नाही.

मग काय पट्टा नकोच का? तसं नाही म्हणत मी. नीट करायचं असेल तर असं करून बघता येईल. कारखान्याच्या बाहेर एक शांत खोली, पंखा चालेल, मोटार नको. डोक्याच्या मागे इलेक्ट्रोड असलेली टोपी, जेलवाली, दिवसाला अर्धा तास, तोही कामाच्या वेळेतला आणि पगारी. स्क्रीनवर आपल्याच कारखान्यातल्या गरांचे फोटो, आधी सोपे मग बारीक फरकाचे, मुलीचं जसजसं बरोबर येईल तसतसं अवघड होत जाणारे. मागच्या सिग्नलवरून तिचं लक्ष उतरतंय असं वाटलं की फोटो यायचा थांबेल, परत आलं की सुरू. दिसणार सगळं तिला एकटीला. सेशन संपला की डेटा तिच्या नावाशिवाय, आणि ती म्हणाली पुसा तर पुसायचा. मजुरीशी, हजेरीशी, कुणाला कामावर ठेवायचं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही हे कागदावर लिहून द्यायचं. वर म्हटल्याप्रमाणे निम्म्या मुलींना दुसरीचा फीडबॅक. शेवटी परीक्षा खऱ्या ताटावर, बोटांसकट, वेगळ्या लॉटवर, आणि परत दोन महिन्यांनी. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र आहे, जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात. दोन-तीन कारखाने मिळून हे एका पट्ट्यांच्या ऑर्डरपेक्षा स्वस्तात होईल असा माझा अंदाज आहे. उत्तर 'फायदा नाही' असं आलं तरी बाकीच्यांचे पैसे वाचतील, आणि 'आहे' आलं तर तो आपला इथला, आपल्या काजूवरचा पुरावा असेल, कुणा कंपनीच्या स्लाईडवरचा नाही.

कॅमेऱ्याच्या सॉर्टिंग मशीन आल्याच आहेत, पुढे सगळंच त्यावर जाईल असंही तुमच्यातले काही म्हणतात. जाईलही. पण मशीनने काढलेल्या मालावर शेवटचा हात अजून बाईचाच फिरवता ना तुम्ही? का फिरवता?

तर माझी मागणी साधी आहे. पट्ट्यांची ऑर्डर देण्याआधी असोसिएशनची जी मीटिंग ठेवाल तिला प्रत्येक कारखान्यातून निदान दोन ग्रेडर बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, आणि डेमोचा पट्टा आधी तुम्ही लावा, तुमच्या लक्षाचा टक्का मोठ्या स्क्रीनवर त्यांना बघू दे अर्धा तास. मग बोलू. मी येतेच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका ग्रेडरची मुलगी, वेंगुर्ला तालुका

ता.क. चष्म्याच्या शिबिरासाठी मीटिंगची वाट बघायची गरज नाही. ज्यांना आपल्या कारखान्यात डोळे तपासणी ठेवायची आहे त्यांनी नुसता निरोप द्या, तपासणारी माणसं मी जमवते, तुम्ही फक्त तेवढ्या वेळाची मजुरी कापू नका.